प्रत्यय

एकसष्ट दिवसांची बंदी.
हर्णैच्या पुळणीवर होड्या ओढून ठेवलेल्या, अंगावर झाप,
आणि बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
संध्याकाळी सहाला माझा इंग्रजीचा वर्ग.
खालचं यंत्र बंद.
जिन्यात अमोनियाचा वास तेवढा
पगारी नोकरासारखा हजर.

हजेरी घेते:
आंजर्लेकर. केळशीकर. बुरोंडकर.
दोन आडेकर, त्यातली एक लग्नानंतरची.
"कर, कर, कर," मी म्हटलं, "ही शेपटीच की!
गाव पुढे, आपण त्याच्या मागे.
इंग्रजीतही असंच असतं, घाबरू नका."

फळ्यावर लिहिलं: शिप.
फ्रेंडशिप, स्कॉलरशिप, हार्डशिप.
केळशीकरांचा तन्वेश म्हणाला,
"हार्डशिप म्हणजे लोखंडी बोट ना, बाई?
आमची फायबरची आहे."
वर्ग हसला. मीही हसले,
मग डस्टर शोधायच्या निमित्तानं खिडकीशी गेले.
त्या फायबरचे हप्ते त्याची आई
कोळंबी सोलून फेडते. तिची नखं मी पाहिलीत.

द्वारका आडेकर, वय बावन्न,
बंदरावर लिलाव पुकारते.
कंपनीची माणसं तिच्यासमोर इंग्रजीत भाव ठरवतात
म्हणून आली.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"बाई, शेपटीवरनं म्हावऱ्याची जात कळते.
ताजं का शिळं, ते कल्ला उचलूनच बघायला लागतं."
आणि उचललाच तिनं कल्ला:
"केअर म्हणजे काळजी?
मग केअरफुल म्हणजे काळजीनं भरलेली. ती मी.
आणि केअरलेस तो आमचा जावई."
यावर माझ्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

त्या रात्री झोप येईना, लेस घोळत राहिला.
आपल्याकडे नसणं आधी दारात येतं:
बेघर, निपुत्रिक, बिनकामाचा.
बे म्हटल्याबरोबर कळतं,
घर उभं राहायच्या आतच पडलेलं असतं.
इंग्रजीत आधी होम बांधतात,
ओठ मिटून म वर छप्पर घालतात,
आणि मग लेस.
कुठलं जास्त लागतं?
हे परीक्षेला नसतं, म्हणून मी शिकवलं नाही.

जिन्याच्या वरच्या पायरीवर खडकबहादुर बसायचा.
बाकीचे खलाशी बंदीत नेपाळला गेले,
हा होड्या राखायला राहिला.
बॅटरी मांडीवर, वही नाही.
एकदा तन्वेशनं विचारलं, "तुझी शेपटी काय रे?"
त्यानं गाव सांगितलं: अछाम.
पोरांनी लगेच जोडून पाहिलं, अछामकर, अछामकर,
सांधा बसतो का म्हणून जिभेवर वाकवलं.
द्वारका म्हणाली, "हर्णैकर लिवा त्याला.
चार सीझन होड्या राखल्यान आमच्या."
मला वाटलं, हे छान झालं.
तो मात्र मान हलवत राहिला.
"अछामकर," म्हणाला. "फिर से बोलो."
पोरं पुन्हा बोलली.
त्याच्या गावाचं नाव या किनाऱ्यावर
दुसऱ्या कुणाच्या तोंडून
त्यानं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

त्याची लिपीही हीच, मला ठाऊक नव्हतं.
हजेरीपट सरकवला, तर त्यानं स्वतःच लिहिलं,
सावकाश, गाठ मारावी तसं.

एक ऑगस्टला पहाटे होड्या गेल्या.
खाली यंत्र सुरू झालं, माडी थरथरू लागली,
खडूचा तुकडा आपोआप फळीवरून घरंगळला.
सहा वाजता कुणी आलं नाही.
द्वारकेचा पुकारा वरपर्यंत ऐकू येत होता,
मध्येच एक इंग्रजी आकडा, खणखणीत.

मी हजेरीपट उलटला.
ऑगस्टचं पान कोरं होतं,
फक्त तळाशी, शेवटच्या ओळीत,
मागच्या पानावरून उतरलेला ठसा:
अछाम पुसट, कर खोल.
शाई नव्हतीच.
शाईलेस, द्वारका म्हणाली असती.